विंड डिफ्लेक्टर घेताय? मिआटावाल्यांनो, आधी या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या बऱ्याच मराठी मित्रांच्या मिआटांवर (माझदाची छत उघडणारी दोन सीटांची गाडी) मी विंड डिफ्लेक्टर, म्हणजे सीटांमागे वारा अडवणारी उभी फळी किंवा जाळी, बसवून दिले. त्यातल्या निम्म्या वेळा आधी आणलेला चुकीचा काढावा लागला. दर उन्हाळ्यात तोच फोन येतो : "अरे, डिफ्लेक्टर लावला, पण वारा तसाच लागतोय." मी विचारतो, वारा नेमका लागतो कुठे? मानेवर, कानावर, की कपाळावर? याचं उत्तर सहसा मिळत नाही. फोटो आवडला, किंमत पटली, मागवला. तिथेच सगळं बिघडतं.

उघड्या गाडीत वारा समोरून येतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात समोरची हवा काचेच्या वरच्या कडेवरून उडून डोक्यावरून मागे निघून जाते. काचेमागे, म्हणजे आपण बसतो तिथे, दाब कमी होतो आणि डिकीवरची हवा उलटी वळून दोन सीटांच्या मधून आत घुसते. शेजारी लांब केसांचं कुणी बसलं असेल तर पाहा, केस मागे उडण्याऐवजी पुढे तोंडावर येतात. डिफ्लेक्टर अडवतो तो हा मागून येणारा वारा. कपाळावर आदळणारा वारा त्याला अडवता येत नाही. तुम्ही उंच असाल आणि डोकं काचेच्या कडेच्या वर येत असेल, तर आधी सीटचा विचार करा. जुन्या मिआटात सीट खाली घेण्याची सोय नाही, म्हणून कित्येक मालक बैठकीतला फोम कापून दोन-तीन सेंटिमीटर खाली बसतात. उंच माणसाला त्याचा जेवढा फायदा होतो, तेवढा कुठल्याही डिफ्लेक्टरचा होत नाही.

त्यामुळे कुणी सल्ला विचारला की मी आधी लोकरीचे धागे काढतो. वीतभर लांबीचे पाच-सहा तुकडे कागदी टेपने चिकटवायचे : दोन्ही हेडरेस्टवर, सीटांच्या मधल्या फटीत, दारांच्या वरच्या कडेवर. मग २८० नंबरच्या हायवेवर जायचं, ६५ मैलांचा वेग धरायचा आणि शेजारच्याने फोनवर व्हिडिओ घ्यायचा. चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. मधल्या फटीतला धागा डॅशबोर्डकडे ताणला गेला, तर डिफ्लेक्टरचा उपयोग होईल. दारावरचा धागा आत फडफडत असेल तर आधी बाजूच्या काचा वर करून पाहा, अर्धं काम तिथेच होतं. या सगळ्याला अर्धा तास लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांच्या गॅरेजमध्ये मला दोन-दोन डिफ्लेक्टर पडलेले दिसतात.

दुसरी गोष्ट, 'मिआटासाठी' एवढंच वाचून मागवू नका. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या आणि १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत सीटांमागे कारखान्यातून कमानी येत नाहीत. तिथे डिफ्लेक्टर सीटबेल्टच्या दोन खांबांना किंवा नंतर बसवलेल्या रोल बारला (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी नळीची कमान) धरतो. २००५ च्या तिसऱ्या आणि २०१५ च्या चौथ्या पिढीत कमानी आहेत, त्यामुळे पकड वेगळी आणि मापंही वेगळी. रोल बारवाल्यांनी आपल्या बारचा व्यास स्वतः मोजावा, विकणाऱ्याला विचारू नये.

आता ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त त्रास होतो ती : डिफ्लेक्टर बसवल्यावर छत एकदाही लावून न पाहणं.

माझ्या एका मित्राची १९९४ ची लाल मिआटा होती. पहिल्या पिढीत मागची खिडकी काचेची नसते, मऊ प्लास्टिकची असते आणि चेनने उघडते. त्याने शनिवारी रात्री गॅरेजमध्ये ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा, उंच डिफ्लेक्टर बसवला आणि रविवारी सकाळी आम्ही डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला निघालो. डिसेंबर होता. रेडवुडच्या झाडांखाली ऊन पोचत नव्हतं. ८४ नंबरच्या रस्त्याच्या अलीकडे पावसाचे थेंब पडायला लागले. मिआटाचं छत सीटवर बसल्या बसल्या एका हाताने ओढता येतं, याचा प्रत्येक मालकाला अभिमान असतो. त्याने गाडी कडेला घेतली आणि ओढलं. छताची आडवी पट्टी ॲक्रिलिकच्या वरच्या कडेला अडली. मी म्हणालो, "थांब, उतरून बघू." त्याला वाटलं, सांधे आखडलेत. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला.

आवाज आला तो जाड कापड फाटल्यासारखा. खिडकीचं प्लास्टिक ॲक्रिलिकच्या कोपऱ्यात अडकलं होतं. थंडीत ते पापडासारखं कडक होतं. कोपऱ्यापासून वीतभर चीर गेली होती आणि चिरेच्या दोन्ही कडा पांढऱ्या पडल्या होत्या. टेप लावून आम्ही वुडसाइडकडे उतरलो. खाली पोचेपर्यंत सीटांमागचा गालिचा चिंब झाला होता. छत जुनं होतं, शिवणीही उसवत आल्या होत्या, म्हणून त्याने शेवटी अख्खं छतच बदललं. डिफ्लेक्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला, आणि तोही उतरून बघण्याचा एक मिनिट वाचवायला गेल्यामुळे.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. बोल्ट हलके लावायचे, एकाने छत सावकाश वर-खाली करायचं, दुसऱ्याने मागून टॉर्च धरून पाहायचं. तीन वेळा. पट्टी आणि डिफ्लेक्टर यांच्यात दोन बोटं जागा हवी. नसेल तर डिफ्लेक्टर खाली घ्या किंवा पुढे कलता करा, वारा थोडा जास्त लागला तरी चालेल. त्याची उंची हेडरेस्टच्या वरच्या कडेपर्यंत पुरते. आणि छत मागे टाकण्याआधी खिडकीची चेन उघडून खिडकी सपाट पसरा. कडाक्याच्या थंडीत आधी दहा मिनिटं हीटर लावा.

दुसरी मोठी चूक म्हणजे बोल्ट करकचून आवळणं. खडखड ऐकू आली की नवशिक्याचा हात थेट पान्याकडे जातो. माझाही गेला होता. माझ्या पहिल्या डिफ्लेक्टरचं ॲक्रिलिक मी खडखड थांबेपर्यंत आवळलं आणि वरून आट्यांना लॉक करणारं द्रव्यही लावलं. ऑगस्टमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी पाहतो तर डाव्या भोकापासून केसासारख्या तीन चिरा, एक थेट कडेपर्यंत गेलेली. बोट फिरवलं तर नखाला लागत होती. दोन चुका एकदम झाल्या होत्या. ॲक्रिलिक तापलं की लोखंडाच्या पाच-सहा पट पसरतं : ९० सेंटिमीटरचा तुकडा ३० अंशांनी तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. भोक बोल्टच्या मापाचंच असेल, तर ती वाढ जाणार कुठे? शिवाय ते द्रव्य धातूसाठी असतं, ताणाखालच्या प्लास्टिकला त्याने चिरा पडतात. आता मी ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ चं भोक पाडतो, दोन्ही बाजूंना रबरी वायसर घालतो आणि नायलॉनची रिंग असलेला नट लावतो. वायसर किंचित दबला की थांबतो. खडखड राहिली तर पकडीच्या आत फोमची पट्टी चिकटवतो.

डिफ्लेक्टरच्या खालची फट मोकळी सोडू नका. वारा तिथूनच आत येतो, चांगला डिफ्लेक्टर तिथेच वाया जातो.

सीटबेल्टच्या खांबाला पकड लावली असेल तर पट्टा पूर्ण ओढून पाहा, तो कुठेही घासता कामा नये.

ॲक्रिलिकचा तुकडा घरी कापून डोक्यामागे लावू नका. अपघातात त्याचे धारदार तुकडे होतात. पारदर्शकच हवं असेल तर पॉलिकार्बोनेट हे जास्त चिवट प्लास्टिक घ्या. काही पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

रात्री फार चालवत असाल तर काळी जाळी बरी. मागच्या ट्रकचे दिवे सौम्य होतात, आरशात दोन-दोन प्रतिमा दिसत नाहीत. वारा थोडा जास्त येतो, पण रोज सॅन होजेहून परतणाऱ्याला तो चालतो.

आणि पॉलिकार्बोनेटवर काच पुसायचा अमोनियावाला निळा फवारा मारू नका, ते धुरकट होऊन तडकतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड. कोरडं पुसू नका, धुळीचे ओरखडे पडतात. पहिल्या दोनशे मैलांनंतर सगळे नट बोटांनी चाचपून पाहा. फिरत असतील तरच पाना घ्या, आणि तोही पाव फेरा.