डेझर्ट ई-लिक्विडचं परीक्षण करताय? या चुका टाळा

कस्टर्ड, चीजकेक, डोनट, कुकी या चवींच्या ई-लिक्विडवर (ई-सिगारेटमध्ये तापवून वाफ करायच्या द्रवावर) जेवढी उलटसुलट मतं वाचायला मिळतात, तेवढी फळांच्या किंवा मेन्थॉलच्या लिक्विडवर मिळत नाहीत. एकाला जे व्हॅनिला कस्टर्ड मलईदार लागतं, तेच दुसऱ्याला जळक्या साखरेसारखं लागतं. दोघंही खरं सांगत असतात. एकाने लिक्विड तपासलेलं असतं, दुसऱ्याने आठवडाभर वापरलेली कॉइल, म्हणजे कापसात भिजलेलं लिक्विड तापवणारी तार. गोडी, लोण्याचा स्वाद, भाजल्याचा वास असे थर या लिक्विडमध्ये एकावर एक रचलेले असतात. उष्णता, वेळ आणि कापूस यांचा प्रत्येक थरावर वेगळा परिणाम होतो, म्हणून चुकायला जागाही इथेच जास्त.

पुढचं सगळं आधीपासून व्हेपिंग करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो करत नाही, त्याने परीक्षणाच्या निमित्ताने सुरू करू नये.

जुन्या कॉइलवर नवं लिक्विड

सगळ्यात जास्त परीक्षणं इथेच फसतात. बाजारातल्या बऱ्याच डेझर्ट लिक्विडमध्ये सुक्रॅलोज नावाचं कृत्रिम गोड द्रव्य असतं. ते वाफेबरोबर नीट उडून जात नाही, तारेवर साचतं आणि तिथेच करपतं. अशी कॉइल उघडून बघा. कापूस तारेला जिथे टेकतो तिथे तपकिरी पट्टा दिसतो आणि तारेवर काळा चकचकीत थर असतो. नखाने खरवडला की त्याची खपली निघते. त्या खपलीतून येणारी चव नव्या बाटलीच्या नावावर लिहिली जाते.

प्रत्येक लिक्विडला नवी कॉइल, किंवा ड्रिपर (कॉइलवर हाताने थेंब टाकायचं साधन) असेल तर नवा कापूस आणि घासून धुतलेली तार, एवढं हवंच. नव्या कॉइलच्या प्रत्येक छिद्रातल्या कापसावर चार-पाच थेंब टाका, टँक (लिक्विडची टाकी) भरा आणि दहा मिनिटं थांबा. सुरुवातीचे झुरके कमी वॅटवर घ्या. पहिल्या २ मिलीवर मत लिहू नका, कारण नव्या कापसालाही स्वतःची चव असते.

‘ही कॉइल लवकर खराब करतं’ एवढं वाक्य वाचणाऱ्याच्या काही कामाचं नाही. किती मिली संपल्यावर चव बदलली ते लिहा. भरपूर गोड लिक्विडवर दोन-तीन दिवसांत काळी पडणारी कॉइल कमी गोड लिक्विडवर दोन आठवडेही टिकू शकते. विकत घेणाऱ्याला हाच फरक हवा असतो.

जळकी चव आली की लिक्विडवर खापर

डेझर्ट लिक्विड सहसा दाट असतात, ७० टक्के व्हीजी (दाट ग्लिसरीन) आणि ३० टक्के पीजी (पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल), कधी त्याहूनही दाट. १ ओमच्या (ओम म्हणजे कॉइलचा विद्युत रोध) वरच्या लहान पॉडची, म्हणजे छोट्या उपकरणातल्या काडतुसाची, छिद्रं बारीक असतात. दाट लिक्विड तिथे वेळेवर पोचत नाही, कापूस कोरडा पडतो आणि घशाला चटका बसतो. अशा पॉडला ५०-५० चं मिश्रण बरं, ७०-३० साठी मोठ्या छिद्रांची कमी ओमची कॉइल घ्या. कोरडा झुरका बसला तर तिथेच थांबा. तापलेल्या कोरड्या कापसावर ग्लिसरीन मोडून अ‍ॅक्रोलीन आणि फॉर्मॅल्डिहाइड तयार होतात. ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणून दुसरा झुरका घेऊ नका.

नुसतं वॅट लिहिणं

‘४० वॅटवर छान लागलं’ यातून फारसं काही कळत नाही. ०.४ ओमच्या कॉइलला ४० वॅट म्हणजे ४ व्होल्ट आणि १० अ‍ॅम्पिअर. पण तीच शक्ती रुंद मेशवर (जाळीच्या कॉइलवर) पसरली की वाफ एक, बारीक गुंडाळलेल्या तारेवर एकवटली की वेगळीच. ओम, कॉइलचा प्रकार, वॅट आणि हवेची खिडकी किती उघडी, या चारही गोष्टी सोबत लिहा.

कॉइलवर ४० ते ६० वॅट छापलं असेल तर ४० पासून सुरू करा आणि पाच-पाचने चढवा. प्रत्येक पायरीवर पाच-सहा झुरके घ्या, दोन झुरक्यांत अर्धा मिनिट जाऊ द्या. साधारणपणे खालच्या टोकाला व्हॅनिला आणि गोडी पुढे असते. वाफ गरम होत जाईल तशी कुकीची, भाजलेल्या पिठाची बाजू उघडते. त्याच्याही वर गेलं की मलई पातळ पडते आणि नुसती करपट गोडी उरते. मलई पातळ पडली तो आकडा टिपून ठेवा. हवा अर्धी बंद ठेवली की बहुतेक डेझर्ट लिक्विड जास्त भरीव लागतात. पूर्ण उघडी ठेवून ‘फिकं आहे’ म्हणणं हा लिक्विडवर अन्याय आहे.

मुरू न देताच निकाल

कस्टर्ड आणि चीजकेक मुरावे लागतात. ताज्या बाटलीत अनेकदा अत्तरासारखा तिखट वास पुढे येतो आणि मलई खरखरीत लागते. दोन ते चार आठवड्यांत स्वाद एकजीव होतात. याला रसायनशास्त्राचाही आधार आहे. व्हॅनिलिनसारखे अल्डिहाइड पीजीबरोबर बाटलीतच हळूहळू अ‍ॅसिटल बनवतात, म्हणजे महिन्याभराने तुमच्या हातातलं मिश्रण पहिल्या दिवसाचं राहिलेलं नसतं.

बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, दिवसातून एकदा हलवा आणि पहिल्या, सातव्या व एकविसाव्या दिवशी चव घेऊन नोंद करा. घाईसाठी गरम पाण्यात बुडवू नका, झाकण उघडं टाकू नका. हलके स्वाद उडून जातात आणि निकोटीनचं ऑक्सिडीकरण होऊन घशाला मिरीसारखा तिखटपणा येतो. बाटलीवर निर्मितीची तारीख असेल तर ती आधी बघा. दुकानात सहा महिने पडून असलेली बाटली मुरलेलीच असते, तिला आणखी महिनाभर ठेवण्यात अर्थ नाही.

रंग गडद झाला म्हणून ‘खराब’ शिक्का मारणं हीसुद्धा चूकच. व्हॅनिलिन आणि निकोटीन एकत्र आले की लिक्विड तपकिरी होतं. रंगावरून नव्हे, वासावरून आणि तिखटपणावरून ठरवा.

‘विचित्र लागतं’ म्हणून सोडून देणं

विचित्र चवीलाही नाव असतं. आंबलेल्या दुधासारखा किंवा उलटीसारखा वास आला तर संशय ब्युटिरिक आम्लावर घ्या. चीजकेक आणि लोण्याच्या स्वादात ते वापरतात आणि मुरल्यावर ते बरंचसं बसतं. मक्याच्या चिप्ससारखी चव आली तर अ‍ॅसिटिल पायराझिन जास्त झालंय. कुकी आणि पावाचा भाजका वास त्याचाच, पण प्रमाण जरा चुकलं की चिप्सच्या पाकिटाचा वास येतो. सगळंच म्हातारीच्या केसांसारखं (कॉटन कँडीसारखं) आणि बोथट लागलं तर एथिल माल्टॉल भारी पडलंय, त्याच्याखाली बाकीचे स्वाद दबतात. घटकांची यादी समोर नसेल तर घटकाचं नाव ठामपणे लिहू नका, वास कशासारखा आहे ते मात्र नक्की लिहा.

निकोटीन न घालता चव घेणं

६० मिलीच्या अनेक बाटल्यांत ५० मिली बिननिकोटीनचं लिक्विड आणि वर १० मिली जागा असते, ती निकोटीनच्या शॉटसाठी, म्हणजे वेगळ्या छोट्या बाटलीतून घालायच्या निकोटीनच्या द्रवासाठी. १८ मिलिग्रॅम प्रति मिलीचा १० मिली शॉट घातला की सगळं मिळून ३ मिलिग्रॅम प्रति मिली होतं. पण त्याबरोबर स्वादही सुमारे १७ टक्क्यांनी पातळ होतो. ७०-३० चं लिक्विड ५०-५० च्या शॉटमुळे जवळपास ६७-३३ वर येतं. उत्पादकाने स्वाद याच हिशेबाने जादा घातलेला असतो. शॉट न घालता ‘फारच गोड’ लिहिलं तर ते मत शॉट घालून वापरणाऱ्याला लागू पडत नाही. निकोटीन नकोच असेल तर तेवढाच बिननिकोटीनचा बेस (नुसतं व्हीजी-पीजी) घाला आणि तसं लिहा.

नाक थकलंय हे न ओळखणं

एका बैठकीत तीनपेक्षा जास्त लिक्विड घेऊ नका, मध्ये वीस मिनिटं सोडा, पाणी पीत राहा. गोड वासाला नाक फार लवकर सरावतं, आणि पाचवं कस्टर्ड पहिल्यापेक्षा फिकं वाटतं ते त्यामुळेच. मेन्थॉल, दालचिनी किंवा बडीशेपेचा स्वाद टँकच्या रबरी कड्यांत मुरून बसतो. टँक कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, तरी वास राहिला तर कड्या बदला.

थेंब जिभेवर टाकून चव बघणारेही असतात. हे करू नका. निकोटीन तोंडातून आणि त्वचेतूनही शरीरात शिरतं, शिवाय जिभेला फक्त सुक्रॅलोजची गोडी कळते, स्वाद कळायला वाफ नाकातून जावी लागते. सांडलं तर हात लगेच धुवा. केकसारखा वास येणारी ही बाटली लहान मुलांसाठी विष आहे, झाकण लावून कुलपातच ठेवा.

लोण्याच्या चवीचं आंधळं कौतुक

परीक्षण करणाऱ्याची सगळ्यात मोठी जबाबदारी इथे येते. लोण्याचा, कस्टर्डचा तो भरदार स्वाद डायअ‍ॅसिटिल, अ‍ॅसिटिल प्रोपिऑनिल किंवा अ‍ॅसिटॉइनमधून येऊ शकतो. डायअ‍ॅसिटिल खाण्यात चालतं म्हणून फुप्फुसात चालतं असं नाही. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका पॉपकॉर्न कारखान्याच्या आठ माजी कामगारांमध्ये फुप्फुसाच्या बारीक नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार समोर आला. लोण्याच्या स्वादाच्या वाफा तिथे संशयाच्या केंद्रस्थानी आल्या. अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१६ साली कामाच्या जागेसाठी डायअ‍ॅसिटिलची शिफारस केलेली मर्यादा आहे हवेच्या अब्ज भागांत ५ भाग. २०१५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ ई-सिगारेट स्वाद तपासले, त्यांतल्या ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं.

म्हणून ‘डायअ‍ॅसिटिल नाही’ एवढ्या छापील ओळीवर विसंबू नका. प्रयोगशाळेचा अहवाल मागा, त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी जुळवा. ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर यंत्र किमान किती प्रमाण ओळखू शकतं तेही बघा. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. लिक्विडमधल्या अ‍ॅसिटॉइनपासून बाटलीत कालांतराने डायअ‍ॅसिटिल तयार होऊ शकतं, त्यामुळे निर्मितीच्या दिवशीचा स्वच्छ अहवाल वर्षभर मुरलेल्या बाटलीची हमी देत नाही. अ‍ॅसिटॉइन असलेलं लिक्विड महिनोन्‌महिने मुरवायचा सल्ला देऊ नका. अहवाल मिळाला नाही तर तेही परीक्षणात लिहा. ‘सुरक्षित’ हा शब्द कुठल्याही लिक्विडसाठी वापरू नका. आणि चव वाढवायला स्वयंपाकघरातला तेलात विरघळवलेला इसेन्स कधीही घालू नका, फुप्फुसात गेलेल्या तेलाने गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

परीक्षणाची नोंद अशी दिसली की वाचणाऱ्याला ती पडताळता येते: ‘व्हॅनिला कस्टर्ड, बॅच क्रमांक टिपला, अहवाल मागितला, मिळाला नाही. ३ मिलिग्रॅम, शॉट घालून २१ दिवस. नवी ०.४ ओम मेश, हवा अर्धी. ४५ वॅटला अंड्याची मलई स्पष्ट, ५५ ला पातळ. सातव्या दिवसापर्यंत आंबूस वास, एकविसाव्याला नाही. १८ मिलीनंतर गोडी करपट, कॉइल उघडली तेव्हा तार काळी.’