परदेशी सेवेचं पाचारण: निघण्याआधी घरात काय करायचं

पाचारण, म्हणजे परदेशी जाऊन ख्रिस्ती सेवा करायला देवानं केलेलं बोलावणं, एकट्या नवऱ्याला झालं असेल, तर अजून निघायची वेळ आलेली नाही. मी नर्स आहे. नवरा आणि दोन मुलांसह युगांडात एका मिशन दवाखान्यात सेवा करून कोल्हापूरला परतले. आता आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, जोडपी सल्ला विचारायला घरी येतात, तेव्हा मी आधी हेच सांगते: काही दिवस दोघांनी वेगवेगळी प्रार्थना करा, जे कळेल ते आपापल्या वहीत लिहा आणि मग पाळकसाहेबांसमोर बसून वाचा. "हे म्हणतात म्हणून" निघालेली बाई परक्या देशात पहिल्याच आजारपणात खचते. मी अशा बायकांच्या उशाशी बसले आहे.

मग मुलं. त्यांना निर्णय सांगू नका, निर्णयात घ्या. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये आपल्या कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला. पुढं 1886 मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनच्या मेळाव्यात शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले, त्यामागे या रॉबर्टची धडपड होती आणि त्याची बहीण ग्रेस हिची प्रार्थना. मिशनरी घरातली पोरं सगळं बघत असतात, हो! आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिचा एकच प्रश्न होता, "आजीला दवाखान्यात कोण नेणार?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत आम्ही कुणाला होकार कळवला नाही. दीर-जावेबरोबर बसलो, सासूबाईंची औषधं, खर्च, रात्री-अपरात्री कोण धावणार, सगळं कागदावर ठरवलं. सासूबाई स्वतः "जा" म्हणाल्या, तेव्हा माझं मन मोकळं झालं.

मुलांच्या शाळेचंही आधीच बघा. परत येऊन इथं कुठल्या वर्गात बसणार, हे शाळेत विचारून घ्या. घरी शिकून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) वाटही आहे. मराठी सुटू देऊ नका. आम्ही बालभारतीची पुस्तकं नेली होती आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत शास्त्रवाचन मराठीतच असायचं.

पाचारणाची पारख मात्र इथंच करा. चिकोडीकडच्या एखाद्या कन्नड मंडळीत वर्षभर नेमानं जा, मुलांना घेऊन. भाषा येत नाही, जेवण वेगळं, कुणी ओळखत नाही, अशा ठिकाणी तुमचं कुटुंब आनंदानं सेवा करतं का, हे तिथं दिसेल. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13 पुन्हा वाचा. अंत्युखियाच्या मंडळीनं उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेला पाठवलं. ते आपले आपण उठून गेले नाहीत. तुमच्या मंडळीच्या वडीलमंडळानंही (कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही) तसं पाठवावं, आणि महिन्याला किती अर्पण, किती वर्षं, हे लेखी द्यावं. पैशाचं बोलायला लाजू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्याची मुदत नीट बघा. युगांडासाठी पीतज्वराची लस लागते. ती अधिकृत केंद्रावरच घ्यायची आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. तो जपून ठेवा, भारतात परत येतानाही दाखवावा लागतो. नर्स असाल तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय रुग्णाला हात लावू नका.

त्या देशाचा कायदा मात्र नीट वाचा. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून पुष्कळांना ते सोपं वाटतं. पण 2018 पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि शिक्षा भोगल्यावर परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. पर्यटक म्हणून जाऊन दुसरंच काम करायचं, हे मला मुळीच मान्य नाही. ज्या कामासाठी जाता, तेच अर्जात लिहा.

पोहोचल्यावर पहिलं वर्ष भाषेला द्या, उपदेशाला नाही. मी तिथली लुगांडा भाषा वॉर्डातल्या बायकांकडून शिकले. तिथं खुशाली विचारण्यातच बराच वेळ जातो आणि तो द्यायचाच असतो. त्यांच्या हातचं मातोके (शिजवलेली कच्ची केळी) आणि शेंगदाण्याचं कालवण आमच्या मुलांना इतकं आवडलं की अजून मागतात.

आणि निघण्यापूर्वीच मंडळीबरोबर पहिल्या सुट्टीची तारीख ठरवा, तिचे विमानाचे पैसे वेगळे काढून खजिनदाराकडे ठेवा.