जुनी ट्यूबलाइट वायर न जोडता कशी पेटवायची

आता घरोघरी एलईडी आल्या, त्यामुळे चार फुटी जुन्या ट्यूब माळ्यावर नाहीतर भंगारवाल्याकडे पडलेल्या असतात, त्यातली एक घेऊन या. टोकं काळी पडलेली, फिलामेंट तुटलेलं असलं तरी चालतं, फक्त काच कुठं तडकलेली नको, कारण आत अगदी कमी दाबाचा आरगॉन आणि जराशी पाऱ्याची वाफ असते आणि सगळं काम तीच करते. बाहेरून जोरदार इलेक्ट्रिक फील्ड मिळालं की आतले सुटे इलेक्ट्रॉन पळतात, पाऱ्याच्या अणूंना धडकतात, त्यातून २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्याचा आपल्याला दिसणारा उजेड करतो. चोक, स्टार्टर, होल्डर काहीच लागत नाही.

हवा कोरडी पाहिजे, आणि त्या बाबतीत खान्देशासारखी जागा नाही. थंडीतली रात्र सगळ्यात चांगली, एप्रिल-मे पण चालतो पण तेव्हा कूलर बंद ठेवा, तो खोलीत ओल भरतो, आणि हाताचा घाम पुसून घ्या. पावसाळ्यात काचेवर ओलीचा पातळ थर बसतो, त्यावरून चार्ज निसटून जातो, मग कितीही घासा काही होत नाही. ट्यूब कोरड्या फडक्यानं पुसा, खोली पूर्ण अंधारी करा आणि दहाएक मिनिटं तसंच बसा, डोळे सरावल्याशिवाय हा उजेड दिसतच नाही, बरेच लोक इथंच घाई करतात.

मग पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्यायचा, लोकरीच्या घोंगडीनं जोरजोरात घासायचा आणि ट्यूबचं एक टोक हातात धरून पाइप काचेच्या जवळून झटकन फिरवायचा. आत पांढरट चमक पळताना दिसते. ट्यूबच घोंगडीनं घासली तरी हाताखाली चमकते, पण अलगद घासा. पाइप नुसता जवळ धरून थांबलात तर लगेच अंधार, कारण आतले चार्ज सरकून काचेला चिकटतात आणि बाहेरचं फील्ड आतल्या आत रद्द करतात, म्हणून हालचाल चालू ठेवावी लागते. माझ्या मते अख्ख्या प्रयोगातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, मुलांना आधी हे दाखवा.

सतत उजेड हवा असेल तर प्लाझ्मा बॉल, म्हणजे आत रंगीत ठिणग्या नाचणारा विजेवरचा काचेचा गोळा, आणा, ऑनलाइन मिळतो. त्यातलं फील्ड सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं, म्हणून नुसती जवळ नेली तरी ट्यूब पेटून राहते. हात मधोमध धरला की उजेड साधारण हातापर्यंतच येतो, हात सरकवला की तोही सरकतो, कारण करंट आपल्या अंगातून जमिनीकडे वाट काढतो, अगदी थोडासाच असतो तो. पण पेसमेकर असलेल्यांनी लांब राहायचं, आणि बॉलवर नाणं, चावी असलं धातूचं काही ठेवायचं नाही.

आता मॅग्नेट. जुन्या स्पीकरचा कितीही मोठा मॅग्नेट बंद ट्यूबजवळ न्या, ती पेटणार नाही, कारण स्थिर मॅग्नेटिक फील्ड पळणाऱ्या इलेक्ट्रॉनला वळवतं, ऊर्जा देत नाही. फिटिंगमध्ये नीट लावलेल्या चालू ट्यूबजवळ धरला तर आतला उजेड थोडा हलतो किंवा पसरतो, लेपामुळे फरक फिका दिसतो, आणि हे करताना होल्डरच्या टोकांना हात लावायचा नाही.

दीपनगरसारख्या वीज केंद्रातून निघणाऱ्या मोठ्या लाइनीखाली ट्यूब पेटते का, हे सगळेच विचारतात. ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, लाइनीखाली अंधारात पेटते, इंग्लंडात रिचर्ड बॉक्स या कलाकारानं २००४ मध्ये अशा लाइनीखालच्या शेतात १३०१ ट्यूब रोवून ते दाखवलंय. ते व्होल्टेजच्या फील्डमुळे होतं, लाइनीतून करंट किती चाललाय याच्याशी संबंध नाही. पण तुम्ही जाऊ नका. उंच धरलेली लांब वस्तू तारेच्या जवळ गेली की न टेकताही ठिणगी उडी मारते, शेतात ॲल्युमिनियमचे पाइप उभे करताना माणसं अशीच दगावतात. भुसावळच्या रेल्वे तारांजवळ तर विचारही नको, तिथं २५,००० व्होल्ट असतात.

ट्यूब फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीत जाऊ नका. नंतर तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, आणि सगळं बरणीत बंद करून घराबाहेर ठेवा.