विसरायला लागलेल्या माणसाबद्दल घरात, वाडीत आणि डॉक्टरांपुढे कसं बोलावं

"साठी बुद्धी नाठी", "म्हातारचळ लागलाय", "खुळावलीय", "बाहेरचं काहीतरी असेल". कोकणातल्या घरात वयस्क माणूस विसरायला लागला की आधी हेच तोंडात येतं. यातल्या पहिल्या दोहोंनी जास्त नुकसान होतं. वय झालं, चालायचंच, असं म्हणत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, प्रत्येक म्हातारपणात तो येत नाही. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड मंदावलं किंवा नैराश्य आलं तरी माणूस तसाच गोंधळलेला दिसतो, आणि त्यावर औषध आहे.

डॉक्टरांपुढे "आजी भ्रमिष्टासारखी वागते" म्हटलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. घडलेलं सांगा. "शिमग्यापासून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. लावणीच्या दिवसांत पेज चुलीवर ठेवून विसरली, टोप करपला. काजूच्या पैशांचा हिशेब तोंडी करायची, आता जमत नाही. देवळातून येताना वाट चुकली." तारखा आठवत नसतील तर अशी सणावारांची, शेतीच्या कामांची खूण चालते. कधीपासून, आणि हळूहळू वाढलं की एकदम झालं, एवढं मात्र नक्की सांगता आलं पाहिजे. आठवडाभर वहीत लिहा: काय झालं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो.

"काल रात्रीपर्यंत बरी होती, आज माणसं ओळखत नाही" हे मात्र वेगळं प्रकरण. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, पडून डोक्याला लागलेला मार, अशी कारणं यामागे असू शकतात. केसपेपर काढतानाच "आजच, अचानक" असं सांगा आणि त्याच दिवशी दाखवा. उद्यावर टाकू नका.

माजघरात अनोळखी मुलं बसलेली दिसतात, असं आजी म्हणाली की लगेच बाधेची चर्चा सुरू होते. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी या प्रकारात अशी माणसं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा तर लावा, पण डॉक्टरकडची फेरी त्यासाठी अडवू नका. काय दिसतं, कोणत्या वेळी, तिला भीती वाटते का, हे तिच्याच शब्दांत त्यांना सांगा. हे न सांगता कोणाकडून शांत करणाऱ्या गोळ्या आणून दिल्या तर धोका आहे, कारण या प्रकारात त्यातल्या काही गोळ्यांनी अंग ताठरतं आणि प्रकृती एकदम ढासळते.

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि एकेक जण पुढे होऊन विचारतो, "आजी, मला ओळखलंस का?" कृपा करून ही परीक्षा घेऊ नका. नाव आठवलं नाही की तिला चारचौघांत लाज वाटते, मग ती बोलायचंच सोडते. तिच्या समोर खाली बसा, तोंड दिसू द्या आणि म्हणा, "आजी, मी तुझ्या सुमनचा मुलगा, आत्ताच आलो." एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला पुरेसा वेळ. "काय खाशील?" यापेक्षा "पेज देऊ की भात?" तिला सोपं जातं. तिन्हीसांजेला स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणाली तर "हेच तुझं घर" असा वाद घालू नका, ती जास्त घाबरते. "घरी कोण कोण आहे?" असं विचारा, बोलू द्या, खळ्यात एक फेरी मारून आणा. अंधार पडायच्या आत दिवे लावले तर ही घालमेल पुष्कळदा कमी होते. आणि ती समोर असताना तिच्याबद्दल "हिला काही कळत नाही" असं कधीही बोलू नका.

"ह्याला रत्नागिरीला पाठवा" हा टोमणाही सोडायला हवा. तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे. टोमण्याच्या भीतीनं लोक तिथे नुसतं दाखवायला जायलाही कचरतात. तरुण मुलं टापटीप आवडणाऱ्याला "ओसीडी" आणि लहरी माणसाला "बायपोलर" म्हणतात. ही खरं तर मानसिक आजारांची नावं आहेत. घरात त्याच आजाराच्या गोळ्या घेणारं कोणी असेल तर त्याला ते लागतं. "मला टापटीप लागते" म्हटलं तरी भागतं.

वाडीत लपवू नका. शेजारी, दुकानदार, रिक्षावाले, एसटी स्टँडवरची माणसं यांना सरळ सांगा: "आजीला विसरण्याचा आजार आहे. एकटी दिसली तर ओरडू नका, बसवून घ्या आणि मला फोन करा." विहिरीकडे किंवा किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना हे सगळ्यात आधी. घरातल्या दोघांचे फोन नंबर तिच्या कपड्याच्या आतल्या बाजूला शिवून ठेवा. सांभाळणाऱ्यालाच असह्य झालं तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, चोवीस तास, पैसे लागत नाहीत.