घरी बांधलेल्या गाडीचं मीटर पॅनल: आधी जोडी जुळवा, मग पत्रा कापा

पॅनलचा पत्रा कापायला एक दुपार पुरते. त्यानंतर महिनोन्‌महिने काटे खोटं बोलत राहतात, आणि त्याला बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक, मीटर आणि सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून मीटरला माप पाठवणारा भाग) एकमेकांच्या जोडीचे नसतात. दोन, अर्थिंग, म्हणजे करंटची चासीतून बॅटरीकडे परतायची वाट, कच्चं असतं. म्हणून इथे पत्र्यापेक्षा तारांवर जास्त लिहिलं आहे.

समोर धरलेली गाडी लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची: दोन सीट, चौकोनी पाइपांची चासी, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १२ व्होल्ट. (भारतात अशी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेकडून मंजुरी लागते, ते एकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. ट्रॅक किंवा स्वतःची जागा धरून चला.)

जोडी जुळवणं

सेंडर म्हणजे बदलता रेझिस्टन्स, एवढं डोक्यात ठेवा. पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट युरोपीय पद्धतीचा असेल तर रिकाम्या टाकीला साधारण १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचा नेमका उलटा: रिकामी २४०, भरलेली ३३. आता १०–१८० च्या मीटरला २४०–३३ चा फ्लोट लावला की टाकी कोरडी असताना काटा ‘फुल’च्याही पुढे जातो आणि काठोकाठ भरल्यावर रिझर्व्हच्या आसपास पडून राहतो. मीटर बदलून काही होत नाही, कारण मीटर बरोबरच असतं. खरेदीआधी फ्लोटचा दांडा हाताने वर-खाली करून मल्टिमीटरवर दोन्ही टोकांचे आकडे घ्या. तापमान आणि ऑइल प्रेशर यांचे सेंडर मात्र मीटरच्याच कंपनीचे घ्या, तिथे काटकसर नको.

आटेही तपासा. एक अष्टमांश इंची एनपीटीला (अमेरिकन पाइप आटे) इंचात २७ आटे असतात, बीएसपीटीला (ब्रिटिश) २८. पहिले दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत गोडीत बसतात, पुढे अडतात. तिथे पाना लावून जोर केला की ब्लॉकमधले आटे जातात. योग्य ॲडॅप्टर मिळेपर्यंत थांबा.

पत्रा

२ मिमी ॲल्युमिनियम पुरतो. आधी पुठ्ठ्याचं पॅनल करा, स्टिअरिंग बसवा, सीटवर बसा, ट्रॅकवर जाणार असाल तर हेल्मेटसह. आरपीएम, ऑइल प्रेशर आणि तापमान ही तीन मीटरं स्टिअरिंगच्या वरच्या अर्ध्या खिडकीतून दिसलीच पाहिजेत. पेट्रोल, व्होल्टमीटर बाजूला गेले तरी चालतात. मागे किमान १०० मिमी मोकळी जागा हवी. या धर्तीच्या गाडीत डॅशमागची आडवी पाइप आणि वायपर मोटर नेमकी तिथेच येते.

लहान मीटरचं भोक ५२ मिमी असतं, पण पुढची रिंग त्याहून मोठी, म्हणून दोन केंद्रांत ७० मिमी ठेवा. ८० मिमीच्या मीटरांना १०० मिमी. लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग देता आलं तर उत्तम. हाताने करायचं तर बायमेटल होल सॉ, कमी स्पीड, खाली प्लायवुड, चारही बाजूंनी क्लॅम्प आणि भोकावर थेंब थेंब रॉकेल. रॉकेल नसेल तर ॲल्युमिनियम दातांना चिकटतं आणि भोक अंडाकृती होतं. कडा कानशीने गोल करा, गुडघा तिथेच लागतो. रंग मॅट काळा. चकचकीत पत्रा फोटोत छान दिसतो, पण दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं.

तारा

घरगुती वायर वापरू नका, बारीक पिळाची ऑटो वायर घ्या. मीटरांना ०.७५ चौरस मिमी, पॅनलच्या मुख्य पुरवठ्याला आणि अर्थला २.५. सगळी मीटरं आणि दिवे मिळून दोन अँपिअरही ओढत नाहीत, म्हणून इग्निशननंतर ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर. पॅनलमागे एकच १२ पिनचा कपलर आणि २५० मिमी जादा वायर ठेवा, म्हणजे पॅनल सोडवून मांडीवर घेता येतं.

अर्थसाठी पत्र्यावर विसंबू नका. पावडर कोटिंग, रबरी वायसर, रंगवलेली चासी, सगळेच वीज अडवतात. प्रत्येक मीटरची अर्थ वायर पॅनलमागच्या एका बोल्टवर आणा आणि तिथून जाड वायर चासीवर, रंग खरवडून, दातेरी वायसर घालून. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे इंजिन ते चासी किमान १६ चौरस मिमीची वेणीची पट्टी लागतेच. ती कच्ची असेल तर हेडलाइट लावताच तापमानाचा काटा जागचा हलतो. इंजिन त्या क्षणी तापलेलं नसतं. हेडलाइटचा करंट त्याच पट्टीतून परततो, तिच्यात व्होल्ट पडतात, आणि मीटरची अर्थ व सेंडरची अर्थ एका पातळीवर राहत नाही.

एका वायरीचे सेंडर अर्थ घेतात ते स्वतःच्या आट्यांतून. त्यांना टेफ्लॉन टेपचे पाच वेढे दिले की काटा अर्धवट वागू लागतो. तापमानाचा सेंडर रबरी पाइपमधल्या ॲडॅप्टरवर बसवला तर त्याला अर्थच नाही, ॲडॅप्टरला वेगळी वायर द्या. ऑइल प्रेशरचा जड सेंडर पितळी टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) लोंबत ठेवला तर कंपनाने टी तडकतो आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर जातं. तो छोट्या होजने चासीवर ब्रॅकेटमध्ये घ्या. तिथेही स्वतंत्र अर्थ, आणि ती इंजिनच्या ब्लॉकवरून.

चार्जिंगच्या लाल दिव्याची गंमत वेगळी. साध्या तीन टोकांच्या अल्टरनेटरमध्ये त्या दिव्यातून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो. २ वॉटचा बल्ब असेल तर काही करायचं नाही. एलईडी लावला तर करंट पुरत नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही. एलईडीला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. तो तापतो, म्हणून वायरींपासून लांब.

गाडीत बसवण्याआधी

पॅनल टेबलावर ठेवा, १२ व्होल्टची बॅटरी लावा आणि सेंडरच्या जागी रेझिस्टर जोडा. पेट्रोलच्या १०–१८० मीटरला १०, ८२ आणि १८० ओहम: काटा रिकामा, मध्याजवळ, फुल. व्हीडीओ (मीटर बनवणारी कंपनी) पद्धतीच्या १२० अंशांच्या तापमान मीटरला ६८ ओहम म्हणजे सुमारे ८० अंश, ३९ म्हणजे १००, २२ म्हणजे १२०. बाजारात मिळणारेच आकडे आहेत, एक वॉटचे घ्या. ही दहा मिनिटं वाचवली तर पुढे दोष मीटरचा, वायरीचा की सेंडरचा, हे कळायला आठवडा जातो.

आरपीएम मीटरला एका कॉइलच्या जुन्या इग्निशनवर इंजिनच्या फेऱ्यामागे दोन स्पंदनं मिळतात. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर एका कॉइलवर दोन फेऱ्यांत एकच. मीटरमागचं सेटिंग तसं करा, नाहीतर काटा चौपटीत चुकतो.

स्पीडोमीटर

इलेक्ट्रॉनिक मीटरला किलोमीटरमागे स्पंदनं किती ते सांगावं लागतं. टायरवरच्या आकड्यांवरून हिशेब करू नका, टायर वजनाने दबतो. दोघं गाडीत बसा, मागच्या चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण करा, चाकाचे पाच फेरे पुढे ढकला आणि टेप लावा. ८.४० मीटर आले तर एका फेऱ्याला १.६८ मीटर, म्हणजे किलोमीटरला ५९५ फेरे. डिफरन्शियल ३.९ चं असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या दांड्याचे) ३.९ फेरे, तर प्रॉपशाफ्टचे २,३२१. सेन्सर शाफ्टच्या चार बोल्टांवर रोखला असेल तर ९,२८६ स्पंदनं. सेन्सर आणि बोल्टचं डोकं यांत १ मिमी फट ठेवा. शाफ्ट हाताने पूर्ण फिरवून चारही बोल्ट तपासा, एखादं डोकं उंच असतंच.

नंतर जीपीएसशी ताडून पहा. युरोपीय आर३९ नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवायची मर्यादा खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किमी. खरा वेग ६० असताना ६० ते ७० मधलं काहीही चालतं.

काटा अडला तर

सेंडरची वायर काढा. तापमानाचा काटा तळाशी गेला पाहिजे. वरच चिकटून राहिला तर वायर कुठेतरी चासीला घासून शॉर्ट झाली आहे, बहुधा पत्र्याच्या भोकात, जिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) बसवायचा राहून गेला. १०–१८० च्या पेट्रोल मीटरचं उलट: वायर सुटली की काटा फुलच्या पुढे, शॉर्ट झाली की रिकामा.

घरी केलेल्या टाकीत फ्लोटचा दांडा टाकीच्या उंचीला क्वचितच जुळतो. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतत जा आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिहून घ्या. पहिल्या पाच लिटरची जागा सापडली की काचेवर बारीक लाल ठिपका द्या. तुमच्या गाडीचं रिझर्व्ह तेच, छापलेली रेघ काहीही म्हणो.