स्पंद पावणारे उष्ण सबड्वार्फ तारे अवकाश दुर्बिणींच्या नोंदींत कसे शोधावेत

उष्ण सबड्वार्फ म्हणजे एकेकाळचा तांबडा राक्षसी तारा. बहुतेक वेळा सोबतच्या ताऱ्यामुळे त्याचं हायड्रोजनचं आवरण निघून जातं आणि हेलियम जाळणारा गाभा जवळजवळ उघडा पडतो. वस्तुमान सूर्याच्या साधारण निम्मं, तापमान 20,000 केल्विनच्या वर. यांतले काही तारे स्पंद पावतात, आणि त्या स्पंदनांवरून ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते मोजता येतं. दुसऱ्या कुठल्या मार्गाने आपल्याला तिथवर पोचता येत नाही, म्हणून असा एकेक तारा मोलाचा. अवकाश दुर्बिणींनी टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. संगणक आणि थोडंफार पायथन येत असलं की कामाला लागता येतं.

आधी काय शोधायचं ते पक्कं करा. दाबलहरींनी (म्हणजे ताऱ्यातल्या वायूच्या दाबामुळे चालणाऱ्या, ध्वनीसारख्या लहरींनी) स्पंद पावणारे तारे 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केले; त्यांचा आवर्तकाल काही मिनिटांचा असतो. गुरुत्वलहरींवर चालणारे 2003 मध्ये सापडले. त्यांना एका आवर्तनाला पाऊण तास ते दोन-तीन तास लागतात. (इथल्या गुरुत्वलहरी म्हणजे ताऱ्यातला वायू वरखाली होताना गुरुत्वामुळे मागे खेचला जाऊन उठणाऱ्या लहरी; त्यांचा कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या लहरींशी काही संबंध नाही.) साधारण 28,000 केल्विनच्या वरचे पहिल्या गटात, खालचे दुसऱ्या. सीमेवरच्या काही ताऱ्यांत दोन्ही प्रकार एकत्र दिसतात.

मग उमेदवार निवडा. गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून 2022 मध्ये सुमारे 61,500 संभाव्य उष्ण सबड्वार्फची यादी प्रसिद्ध झाली. त्यातले पंधराव्या प्रतीपर्यंतचे तारे घ्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधूक). त्याहून अंधूक ताऱ्यांत गोंगाट फार. प्रत्येकाचा नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या यादीतला टीआयसी क्रमांक शोधा आणि मास्ट या संग्रहातून त्याच्या नोंदी उतरवा. लाइटकर्व्ह ही पायथन लायब्ररी हे काम दोन-चार ओळींत करते.

उतरवताना दोन नोंदींमधलं अंतर आवर्जून पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. समजा, तारा दर 150 सेकंदांनी स्पंद पावतोय आणि नोंदी 120 सेकंदांच्या आहेत. त्याची खरी वारंवारता 6,667 मायक्रोहर्ट्झ, पण अशा नोंदींत 4,167 च्या पुढचं सरळ दिसतच नाही. वारंवारतेच्या आलेखात त्याचं शिखर उलटं परावर्तित होऊन 1,667 वर उमटतं, म्हणजे आवर्तकाल 600 सेकंद वाटतो. शिवाय प्रत्येक नोंदीत जवळजवळ पूर्ण आवर्तनाचा प्रकाश एकत्र होत असल्याने स्पंदनाची उंचीही साधारण पावपट उरते. म्हणून दाबलहरी शोधायच्या तर 20 सेकंदांच्याच नोंदी घ्या. टेसवर त्या 2020 च्या जुलैपासून मिळतात. गुरुत्वलहरींना 120 सेकंद पुरतात.

साफसफाई बेतानेच करा. सदोष म्हणून खूण केलेल्या नोंदी काढा आणि संथ चढउतार सपाट करा, पण त्यासाठी घेतलेली खिडकी (एका वेळी विचारात घेतलेला कालखंड) किमान दिवसभराची असू द्या. ती लहान घेतली तर काही तासांचं स्पंदनही पुसलं जातं.

आता लोम्ब-स्कार्गल पद्धतीने (ती मधे खंड असलेल्या नोंदींतूनही आवर्तनं शोधते) वारंवारतेचा आलेख काढा. आजूबाजूच्या सरासरी गोंगाटाच्या पाचपट उंच शिखरं तेवढी गंभीरपणे घ्या. सर्वांत उंच शिखराची लहर मूळ नोंदींतून वजा करा, पुन्हा आलेख काढा, आणि गोंगाटच उरेपर्यंत हे चालू ठेवा. टेसच्या एका सेक्टरच्या (आकाशाच्या एका पट्ट्याच्या सलग निरीक्षणाच्या) 27 दिवसांत सुमारे 0.4 मायक्रोहर्ट्झपेक्षा जवळची दोन शिखरं वेगळी होत नाहीत; सेक्टर जास्त असतील तर सगळे जोडा.

शिखर दिसलं तरी तो प्रकाश नेमका कोणाचा? टेसचा एक पिक्सेल 21 कोनीय सेकंदांचा आहे. एवढ्या जागेत शेजारचे तारे सहज मावतात. शेजारी एखादा डेल्टा स्कूटी प्रकारचा, स्वतःच स्पंद पावणारा तारा असला तर त्याचं स्पंदन तुमच्या ताऱ्याच्या नावावर लागेल. गायाच्या यादीत शेजारी तपासा, फाइलमधला प्रकाश-भेसळीचा आकडा पाहा, आणि प्रत्येक पिक्सेलचा वेगळा आलेख काढून शिखर कुठे सर्वांत ठळक आहे ते बघा. एकच शिखर आणि त्याच्या बरोबर दुप्पट वारंवारतेवर दुसरं, असं दिसलं तर बहुधा ते स्पंदन नसून जोडताऱ्याची प्रदक्षिणा आहे.

गुरुत्वलहरींसाठी एक सुंदर कसोटी आहे. सापडलेले आवर्तकाल ओळीने मांडा. त्यांतली अंतरं 250 सेकंदांच्या आसपास किंवा त्याच्या पटीत येऊ लागली, तर स्पंदनाचा पुरावा भक्कम झाला.

सराव टीआयसी 278659026 वर करा. टेसच्या पहिल्याच सेक्टरमध्ये याची गुरुत्वलहरींची स्पंदनं सापडली, आणि त्यांवरून वस्तुमान सूर्याच्या 0.39 पट निघालं. इथे तुम्हाला शिखरं मिळाली, तर तुमची पद्धत नव्या उमेदवारांवर वापरायला हरकत नाही.

नवा तारा हाती लागला की सिंबाड माहितीसाठ्यात त्याची आधीची नोंद पाहा. वर्णपट उपलब्ध नसेल तर तो मिळेपर्यंत ताऱ्याला ‘उमेदवार’च म्हणा: उष्ण सबड्वार्फ की श्वेतबटू हे शेवटी हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषांवरूनच ठरतं.