सॅमनच्या ओढ्यावर श्रमदान करताय? या चुका टाळा

सिएटलच्या आसपासचा मराठी माणूस ओढ्याकाठी श्रमदानाला गेला की एक चूक हमखास करतो, जूनमध्ये झाडं लावतो. मीही लावली. मृग लागला की खड्डे खणायचे, हे अंगात भिनलेलं. इथे पाऊस हिवाळ्यात, जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. ऑगस्टअखेर माझ्या रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. लागवड ऑक्टोबर ते मार्चमध्येच करा. विलो या ओढ्याकाठच्या झाडाची छाट कलमं पानगळ झाल्यावर घ्या आणि काठीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जाऊ द्या. कापतानाच बुडखा तिरका आणि शेंडा सपाट ठेवा, म्हणजे उलटी खुपसली जात नाही.

याहून महागात पडते ती गमबूट घालून पाण्यात उतरायची हौस. सॅमन माशाची मादी शेपटीने खडी उकरते, अंडी घालते आणि त्यांवर खडी लोटते. वरून अंडी दिसत नाहीत. शेवाळ निघाल्यामुळे आजूबाजूपेक्षा उजळ, लांबट गोल पट्टा दिसला तर तिथे अंड्यांचं घर आहे असं समजा. मासा निघून गेला तरी अंडी आणि पिल्लं वसंतापर्यंत खडीतच असतात. एक पाऊल पडलं तरी ती चिरडू शकतात.

आपल्याकडची नालेसफाईही इथे आणू नका. आडवा पडलेला ओंडका म्हणजे कचरा नव्हे. त्याच्यामागे डोह तयार होतो, पिल्लांना आसरा मिळतो. माशांची वाट अडते म्हणून गेल्या शतकात सरकारी खात्यांनीच ओंडके उपसून काढले. आता तेच कुठे कुठे हेलिकॉप्टरने परत आणून टाकतात! वॉशिंग्टन राज्यात ओढ्याच्या पात्रातल्या कामाला मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा परवाना लागतो, तेव्हा आधी विचारा. बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याने घातलेला बांधही फोडू नका, कोहो या सॅमनच्या जातीची पिल्लं तिथे पोसतात. तो रोपं कुरतडत असेल तर खोडाभोवती जाळी बांधा.

बूट एका ओढ्यातून थेट दुसऱ्यात नेऊ नका. चिखलातून न्यूझीलंडची इवलीशी गोगलगाय पसरते.

सगळं नीट करूनही शरदातल्या पहिल्या जोराच्या पावसानंतर कोहो माद्या गरगर फिरून, तोंड वासून मरतात, पोटात अंडी तशीच. ही तुमची चूक नाही. टायरच्या झिजेतून येणारं ६पीपीडी-क्विनोन हे रसायन त्याला कारणीभूत असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. रस्त्याचं पाणी माती आणि कंपोस्टमधून झिरपून आलं तर मासे वाचतात. म्हणून झाडं लावण्याआधी रस्त्याची मोरी कुठे उघडते ते पाहून घ्या.

मेलेला मासा वास मारतो म्हणून उचलून फेकू नका. त्यावर किडे पोसतात आणि किड्यांवर पिल्लं. शेपूट कापलेली दिसली तर घाबरू नका, माशांची गणना करणाऱ्यांनी तो मोजलाय इतकंच. तिथेच राहू द्या.